सुपर निन्टेंडोच्या कॅसेटचा सेल: टॅबवाला की होल्डर?

सुपर निन्टेंडो या जुन्या व्हिडिओ गेम कन्सोलच्या, खेळ सेव्ह होणाऱ्या बहुतेक कॅसेटमध्ये सेव्ह जपायला 3 व्होल्टचा सीआर2032 हा बटणासारखा चपटा सेल असतो. 3.8 मिमी गेमबिटने (या स्क्रूंसाठीचा खास स्क्रूड्रायव्हर) दोन स्क्रू काढले की दिसतो. तो काढला की जुना सेव्ह गेलाच. आधी कार्ट्रिज रीडरने (कॅसेटमधला डेटा वाचणारं उपकरण) सेव्ह उतरवून घ्या.

टॅबवाल्या सेलचे पाय (धातूच्या पट्ट्या) कारखान्यातच वेल्ड केलेले, त्यामुळे सोल्डरिंग फक्त बोर्डावर. (साध्या सेलला थेट डाग देऊ नका, तापून फुटू शकतो.) होल्डर (साधा सेल अडकवायची खाच) लावला तर पुढच्या वेळी सोल्डरिंगची कटकट नाही, हे खरं. पण तो उंच. कव्हर कधीकधी नीट मिटत नाही, आणि स्प्रिंग सैल पडली की कॅसेट आपटताच सेव्ह उडतो. पंधरा-वीस वर्षांतून एकदा करायच्या कामासाठी ही जोखीम कशाला? टॅबवालाच घ्या, बोर्डावरच्या + आणि − खुणा बघून लावा.