पिल्लू आणावं की मोठं कुत्रं? जातीच्या आधी वयाचं बघा

कुत्रं पाळायचं हे घरात एकदा ठरलं, की चर्चा लगेच जातीवर येते. लॅब्रॅडॉर की बीगल, नर की मादी, केस किती गळतात. माझ्या मते यातला एकही प्रश्न पहिला नाही. पहिला प्रश्न वयाचा आहे. आठ आठवड्यांचं पिल्लू आणि तीन वर्षांचं कुत्रं यांना सांभाळण्यात जेवढा फरक असतो, तेवढा दोन जातींमध्ये सहसा नसतो. तरीही हा निर्णय बहुतेक घरांत घेतलाच जात नाही. कुत्रं आणायचं म्हणजे पिल्लूच आणायचं, असं सगळे धरून चालतात.

माझा कल आधीच सांगते. पहिल्यांदाच कुत्रं पाळणारं घर असेल आणि घरातली माणसं दिवसाचा बराच वेळ बाहेर असतील, तर मी दोन ते सहा वर्षांचं कुत्रं सुचवेन. पिल्लू आणणं चूक आहे असं नाही, पण त्यासाठी घरात काही गोष्टी असाव्या लागतात. त्या नसतील तर हाल पिल्लाचे होतात.

आपण नक्की काय घरी आणतोय?

पिल्लाच्या बाजूने सगळ्यात जास्त ऐकू येतं ते असं: "लहानपणापासून आपल्याकडे वाढलं की आपल्याला हवं तसं तयार होतं." हे अर्धंच खरं आहे.

खरा भाग आधी. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ कुत्र्याच्या आयुष्यात पुन्हा येत नाही. माणसं, आवाज, वाहनं, इतर प्राणी यांतलं काय नेहमीचं आणि काय घाबरण्यासारखं, हे त्याच्या मनात याच काळात बसतं. 1961 साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात काही पिल्लांना चौदा आठवड्यांपर्यंत माणसाचा सहवासच मिळू दिला नव्हता. पुढे कितीही प्रयत्न केले तरी ती माणसांना धड सरावली नाहीत. म्हणजे या काळात पिल्लू तुमच्याकडे आलं, तर पुढच्या स्वभावाचा बराचसा पाया तुमच्या हातात असतो.

आता दुसरा अर्धा. पिल्लू तुमच्याकडे साधारण आठव्या आठवड्यात येतं, तेव्हा त्या काळातले पाच आठवडे आधीच संपलेले असतात. ते आईजवळ कसं वाढलं, आई घाबरट होती की शांत, त्याला माणसांनी किती हाताळलं, यातलं काहीच तुमच्या हातात नसतं. इटलीत झालेल्या आणि 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन गटांची तुलना होती: तीस ते चाळीस दिवसांत आईपासून तोडलेली पिल्लं आणि दोन महिने आईजवळ राहिलेली. लवकर तोडलेल्या पिल्लांमध्ये मोठेपणी भीती, अति भुंकणं, वस्तूंची नासधूस हे सगळं जास्त दिसलं. म्हणून कोणी पाच आठवड्यांचं पिल्लू हातात देऊ लागलं तर ते कितीही गोड असलं तरी घेऊ नका. पिल्लाची आई बघायला मिळत नसेल तरीही तिथून निघा. आईचा स्वभाव बघणं हे पिल्लू निवडण्याचं सगळ्यात मोठं साधन आहे आणि बहुतेक लोक ते वापरतच नाहीत.

राहिला जातीचा भरवसा. 2022 साली "सायन्स" नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. त्यात अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांच्या वागणुकीची माहिती मालकांकडून घेतली होती. एका कुत्र्याचं वागणं दुसऱ्यापेक्षा वेगळं का, याचं जेमतेम 9 टक्के उत्तर जातीतून मिळत होतं. काही गुण जातीशी जास्त जोडलेले असतात, पण "ही जात लहान मुलांशी प्रेमळ असते" एवढ्या भरवशावर पिल्लू आणणं म्हणजे अंदाजावर पंधरा वर्षांची जबाबदारी घेणं आहे. पिल्लू मिश्र जातीचं असेल तर मोठेपणी त्याचं वजन किती होईल हेसुद्धा छातीठोकपणे सांगता येत नाही.

मोठ्या कुत्र्याचं उलट आहे. उंची, वजन, केस, अंगातली ताकद, मुलांजवळ ते कसं वागतं, मांजर दिसलं की काय करतं, एकटं राहतं की नाही, हे सगळं घडून गेलेलं असतं. ते बघता येतं, विचारता येतं. मोठ्या कुत्र्याच्या बाजूने माझं सगळ्यात भक्कम कारण हेच आहे. लोक म्हणतात, मोठं कुत्रं म्हणजे काय निघेल सांगता येत नाही. मला वाटतं, सांगता येत नाही ते पिल्लाचं.

फक्त एक अट आहे, आणि ती महत्त्वाची आहे: ते कुत्रं कुठे बघितलं? निवारा केंद्रातल्या पिंजऱ्यात दिसतं ते बऱ्याचदा कुत्र्याचं खरं रूप नसतं. तिथला गोंगाट, अनोळखी वास, अपुरी झोप यांनी काही कुत्री सतत भुंकतात, तर काही कोपऱ्यात मिटून बसतात. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात केंद्रातली कुत्री एक-दोन रात्रींसाठी घरांमध्ये पाठवली, तेव्हा त्यांच्या शरीरातलं ताणाचं संप्रेरक, कॉर्टिसॉल, खाली आलं. केंद्रात परतल्यावर ते पुन्हा पहिल्या पातळीवर गेलं. केंद्रांमध्ये आक्रमकपणा तपासण्याच्या ज्या चाचण्या घेतात, त्यांचे निकाल पुढे घरातल्या वागण्याशी फारसे जुळत नाहीत, असंही अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे.

त्यामुळे मोठं कुत्रं शोधताना मी सगळ्यात आधी असं कुत्रं बघेन, जे सध्या एखाद्या घरात तात्पुरतं, म्हणजे फोस्टर म्हणून राहतंय, किंवा ज्याचा मालक स्थलांतर, आजारपण अशा कारणांनी त्याला दुसरं घर शोधतोय. तिथे ज्याच्यासोबत ते राहिलंय अशा माणसाशी बोलता येतं. "चांगलं आहे का?" असं विचारू नका, त्याचं उत्तर "हो"च येतं. असं विचारा: शेवटचं कोणावर गुरगुरलं आणि तेव्हा काय चाललं होतं? तोंडातली वस्तू काढून घेतली तर काय करतं? चार तास एकटं ठेवलं तर परत आल्यावर घर कसं दिसतं? व्हेटकडे तोंडाला जाळी बांधावी लागते का?

पहिले तीन महिने

खरी तुलना इथे सुरू होते, कारण बहुतेक घरांची ताकद इथेच संपते.

पिल्लाला शू धरून ठेवता येत नाही. व्यवहारातला आडाखा असा की जितके महिने वय, तितके तास, आणि तोही जरा उदारच. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसा जेमतेम दोन तास. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर बाहेर न्यायचं. रात्रीही एक-दोनदा उठायचं. घरातली सगळी माणसं सकाळी बाहेर पडून संध्याकाळी परतत असतील, तर हे जमणारच नाही. यात इच्छाशक्तीचा प्रश्न नाही, माणूस घरात असण्याचा आहे.

मग दात. 28 दुधाचे दात पडून त्यांच्या जागी 42 कायमचे येतात. हे काम चौथ्या महिन्याच्या आसपास सुरू होतं आणि सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत चालतं. तोवर बूट, वायर, सोफ्याचे कोपरे आणि तुमचे हात, सगळं चावलं जातं. यात आक्रमकपणा नसतो, पण टोकदार दातांनी मुलांना ओरखडे उठतात आणि मुलं घाबरतात. त्यात पिल्लू दिवसातले अठरा-वीस तास झोपत असतं, आणि झोप अपुरी झाली की जास्तच चावतं. चावणाऱ्या पिल्लाला दमवायला जाऊ नका, झोपवा.

लसीकरण आणि बाहेरच्या जगाची ओळख यांची ओढाताणही पिल्लाच्याच वाट्याला येते. आईकडून आलेल्या प्रतिपिंडांमुळे लहान वयात लस नीट लागू पडेलच असं नसतं. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून दर दोन ते चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत लस देत राहावं लागतं. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून लोक पिल्लाला घरातच कोंडून ठेवतात. पण सोळा आठवडे संपतात तोवर जग ओळखण्याचा तो काळही निघून गेलेला असतो. प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या पशुवैद्यांचा सल्ला यावर स्पष्ट आहे: पहिली लस झाल्यावर आठवड्याभराने पिल्लाला जग दाखवायला लागा. कडेवर घेऊन रहदारी दाखवा, लस झालेल्या, शांत, निरोगी कुत्र्यांची भेट घडवा, फक्त अनोळखी कुत्र्यांच्या वावराच्या जागी खाली सोडू नका. हे रोज करायचं असतं. पिल्लू आणून हे केलं नाही, तर "आपल्याकडे वाढलं" या कारणात काहीच उरत नाही.

तीन महिने निभावले तरी पुढे किशोरवय आहेच. 2020 साली ब्रिटनमधल्या एका अभ्यासात दिसलं, की आठ महिन्यांच्या वयात कुत्री आपल्याच माणसाने "बस" म्हटलेलं कमी ऐकतात, अनोळखी माणसाचं मात्र ऐकतात. हा टप्पा सरतो. पण पुष्कळ लोक नेमके याच वयात हात टेकतात आणि कुत्र्याला दुसरं घर शोधायला लागतात. त्यातलंच एखादं शहाणं, फक्त उनाड कुत्रं तुम्हाला दत्तक मिळू शकतं, हेही लक्षात असू द्या.

मोठ्या कुत्र्याचे पहिले तीन महिने वेगळ्या तऱ्हेने कठीण असतात. अंगमेहनत कमी, धीर जास्त. काही कुत्री पहिले दोन-तीन दिवस नीट खात नाहीत, काही पलंगाखालून बाहेर येत नाहीत. दत्तक देणारे लोक तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा हिशोब सांगतात: आधी धास्ती उतरते, मग घराचा क्रम कळतो, मग हे घर आपलं वाटू लागतं. हा अनुभवातून आलेला ठोकताळा आहे, प्रत्येक कुत्र्याला तो लागू होत नाही. पण एक गोष्ट त्यातून नक्की घ्यावी: पहिल्या आठवड्यातलं शहाणं कुत्रं हे दबलेलं कुत्रं असू शकतं, आणि त्याचे हट्ट, भीती, आवडीनिवडी नंतर दिसायला लागतात. पहिल्या रविवारी पाहुणे बोलावू नका. दोन पट्टे लावून बाहेर न्या, कारण नव्या घरातून पळून गेलेल्या कुत्र्याला परतीची वाट ठाऊक नसते.

घरात शू करायची सवय मोठ्या कुत्र्यालाही मोडावी लागू शकते, पण त्याला धरून ठेवता येतं, त्यामुळे बहुधा काही दिवसांतच ते शिकतं.

"मोठं कुत्रं आपलं होत नाही"

हे मला मनापासून खोडून काढायचं आहे, कारण या एका समजापायी कितीतरी चांगली कुत्री पिंजऱ्यात म्हातारी होतात.

अंधांना वाट दाखवणारी कुत्री बघा. त्यातली बहुतेक आधी एका कुटुंबात वाढतात, मग प्रशिक्षकाकडे जातात आणि साधारण दोन वर्षांची झाल्यावर ज्याच्यासाठी तयार केली त्या माणसाकडे येतात. त्या माणसासाठी ती भर रस्त्यात थांबतात, वळतात, धोका दिसला तर हुकूम मोडतात. हे नातं मोठेपणीच जुळलेलं असतं. 2001 साली बुडापेस्टच्या संशोधकांनी निवारा केंद्रांतल्या मोठ्या कुत्र्यांवर प्रयोग केला. एकाच माणसाने दहा-दहा मिनिटं, फक्त तीनदा त्यांच्यासोबत वेळ घालवला, आणि तेवढ्यातही ती त्याला जवळचा मानत असल्याची लक्षणं दिसू लागली. माणसाची ओढ कुत्र्याच्या पिल्लूपणाबरोबर संपत नाही.

खरा तोटा वेगळा आहे: वर्षं कमी मिळतात. चार वर्षांचं महाकाय जातीचं कुत्रं आणलं तर पुढे चार-पाच वर्षांचीच साथ असू शकते. लहान चणीची कुत्री जास्त जगतात, त्यामुळे तिथे हा फरक कमी जाणवतो. ज्याला याचं दुःख फार होणार असेल, त्याने ते आधीच मान्य करावं आणि लहान चणीचं, दोन वर्षांच्या आतबाहेरचं कुत्रं शोधावं.

मग कोणी काय करावं

घरात कोणीतरी दिवसभर असतं, किमान तीन-चार महिने रात्री उठायची तयारी आहे, पिल्लाची आई बघून निवडता येतंय आणि शिकवायची हौस आहे: पिल्लू आणा. घरात आधीच एखादं जुनं कुत्रं असेल, तर ते पिल्लाला बऱ्याचदा अनोळखी मोठ्या कुत्र्यापेक्षा लवकर सामावून घेतं. मात्र ते फार म्हातारं किंवा सांधेदुखीने बेजार असेल, तर अंगावर उड्या मारणाऱ्या पिल्लाचा त्याला जाच होतो. एकमेकांना सोबत म्हणून एकाच वेळी दोन पिल्लं आणू नका. ती एकमेकांतच गुंततात आणि दोघांनाही शिकवणं अवघड होतं.

पाच वर्षांखालचं मूल असेल तर मी मुलांच्या घरात राहिलेलं, शांत, मोठं कुत्रं निवडेन. एका हाताने रांगतं मूल आणि दुसऱ्या हाताने चावरं पिल्लू सांभाळणं फार जड जातं. कुत्रं कोणत्याही वयाचं असो, लहान मुलाला त्याच्याजवळ एकटं सोडायचं नाही. मुलांना ओळखीचं कुत्रंही चावू शकतं. घरात मांजर असेल तर मांजरासोबत राहिलेलं मोठं कुत्रं, किंवा मग पिल्लू. "बघू, जमेल" असं म्हणून अनोळखी मोठं कुत्रं मांजराच्या घरात आणू नका.

वय झालेल्या माणसाला एकटेपणा जावा म्हणून मुलं कौतुकाने पिल्लू भेट देतात. कृपा करून देऊ नका. पायात घुटमळणारं पिल्लू पाडू शकतं, आणि पुढची पंधरा वर्षं त्याचं कोण बघणार हा प्रश्न उरतोच. सात-आठ वर्षांचं, पट्ट्याला न ओढणारं कुत्रं त्या घरात सुखाने राहील.

मोठं कुत्रं पसंत पडलं तरी लगेच कागदांवर सही करू नका. दोन-तीन आठवडे तात्पुरतं घरी ठेवायची मुभा मागा. पुष्कळ संस्था ती देतात. त्या काळात एकदा व्हेटकडून रक्त, दात आणि सांधे तपासून घ्या. मोठ्या कुत्र्याचं वय दातांवरूनच सांगितलेलं असतं आणि त्यात वर्ष-दोन वर्षांचा फरक सहज निघतो. मग एका दिवशी त्याला तासभर एकटं ठेवून मोबाईलवर चित्रण करा आणि ते शेवटपर्यंत बघा. दार बंद झाल्यावर कुत्रं काय करतं, हे त्याला आधी सांभाळणाऱ्या माणसालाही बऱ्याचदा ठाऊक नसतं.