थर मिठाचे की उष्णतेचे?

काचेच्या टाकीत अंतर्गत लाटा, म्हणजे वर हलकं आणि खाली जड अशा पाण्याच्या आत उठणाऱ्या लाटा, पाहायच्या, तर आधी ठरवावं लागतं की पाण्याचे थर मिठाने करायचे की तापमानाने. मी दोन्ही करून पाहिलं आहे, मुंबईतल्याच प्रयोगशाळेत.

उष्णतेची बाजू कमकुवत नाही. प्रयोग संपला की पाणी फेकायचं नाही, थर पुन्हा बसवता येतात. टर्ब्युलन्समधलं, म्हणजे खळबळत्या प्रवाहातलं, मिसळणं मोजायचं असेल तर तापमान मोजणारा बारीक थर्मिस्टर पुरतो. मिसळताना खाऱ्या पाण्याचे धागे इतके सूक्ष्म होत जातात की कॅमेऱ्याच्या हाती लागत नाहीत.

पण वर 35 आणि खाली 15 अंश ठेवूनही घनतेत फरक पडतो अर्ध्या टक्क्याचा. 40 सेंटीमीटर खोलीत जागेवरून हललेल्या पाण्याचं एक आंदोलन, म्हणजे वरखाली एक पूर्ण हेलकावा, जवळपास अठरा सेकंद घेतं. तळाला 4 टक्के मीठ असेल तर साडेसात. शिवाय उष्णता तासाभरात दोनेक सेंटीमीटर पसरते, मीठ दोनेक मिलिमीटर. सकाळी भरलेली मिठाची टाकी संध्याकाळीही तशीच सापडते.

तरी माझा निर्णय झाला तो काचेला येणाऱ्या घामामुळे. लाटा दिसाव्यात म्हणून टाकीमागे ठिपक्यांचा कागद लावतात. घनता बदलली की प्रकाश वाकतो आणि ठिपके किंचित सरकलेले दिसतात. जुलैत खालचं पाणी थंड केलं आणि पंधरा मिनिटांत काचेचा खालचा अर्धा भाग दवाने भरला. पुसायचं, पुन्हा भरायचा. ठिपके कुठले, थेंब कुठले, कळेना. आमचा एसी सहाला बंद व्हायचा. तुमचा रात्रंदिवस चालत असेल किंवा दुहेरी काच परवडत असेल, तर कदाचित माझी तक्रार तुम्हाला लागू होणार नाही.

मिठाचेही कष्ट आहेत. एका बादलीत गोडं आणि दुसरीत खारं पाणी घेऊन ते मिसळत जाणाऱ्या दोन बादल्यांच्या पद्धतीने, तळातून हळूहळू अधिक खारं पाणी सोडत, टाकी भरायला तीन तास जातात. दीड मीटर लांब, फूटभर रुंद टाकीला दर खेपेला साडेतीन-चार किलो मीठ लागतं. पुडीतलं घेऊ नका, पाणी धुरकट होतं. नळाचं पाणी रात्रभर ठेवा, नाहीतर काचेवर बुडबुडे धरतात.

त्याच जुलैत मिठाची टाकी भरली, आडवी दांडी सावकाश वरखाली हलवली, आणि 1967 मध्ये मोब्रे आणि रॅरिटी या संशोधकांनी दाखवलेली लाटांची फुली चारही तिरक्या पट्ट्यांसह पडद्यावर आली. काच कोरडी होती.