ॲलर्जीची भीती दाखवून केलेली डक्ट-सफाई

परागकणांचा मोसम सुरू होण्यापूर्वी घर गरम आणि थंड ठेवणाऱ्या मध्यवर्ती यंत्रणेची तपासणी व्हावी, एवढ्यासाठीच आम्ही जाहिरात पाहून एका सेवा कंपनीला बोलावले होते. आलेल्या माणसाने डक्टचे, म्हणजे घरभर हवा वाहून नेणाऱ्या नळीचे, एक तोंड उघडले, मोबाइलवर काळ्या डागांचे छायाचित्र दाखवले आणि ही विषारी बुरशी असून घरात ॲलर्जीचा रुग्ण असल्यास आजच फवारणी केली पाहिजे, असे ठासून सांगितले. छायाचित्रातला डक्ट चौकोनी, पत्र्याचा होता. आमच्याकडचे डक्ट गोल आणि लवचिक आहेत. ही विसंगती ध्यानात आली तोवर पैसे चुकते झाले होते आणि लेबल नसलेल्या डब्यातले कसले तरी द्रावण डक्टमध्ये फवारून झाले होते.

नुसत्या काळेपणावरून बुरशीचे निदान होत नाही. खात्रीसाठी नमुना प्रयोगशाळेत तपासावा लागू शकतो. डक्ट-सफाईने आजार टळतात असे सिद्ध झालेले नाही, असे अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्थाही सांगते.

फिल्टरचा प्रकार मात्र अधिक संतापजनक होता. ‘हेपा’ (अतिसूक्ष्म कण अडवणारा फिल्टर) म्हणून बसवलेल्या जाड फिल्टरच्या खोक्यावर बारीक अक्षरांत ‘हेपा-टाइप’, म्हणजे नुसता हेपासारखा, असे छापलेले होते. खरा हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किमान ९९.९७ टक्के कण अडवतो, परंतु घरगुती ब्लोअरला, म्हणजे हवा ढकलणाऱ्या पंख्याला, तो सहसा पेलवत नाही. आमच्या ब्लोअरला तर ही नक्कलही पेलवली नाही; हवेचा प्रवाह मंदावून हवा थंड करणाऱ्या कॉइलवर बर्फ साचू लागला. परागकण बहुधा १० ते १०० मायक्रॉनचे, म्हणजे तुलनेने बरेच मोठे असतात. त्यामुळे यंत्रणेला झेपेल अशा ‘मर्व्ह’ श्रेणीचा (फिल्टर किती बारीक कण अडवतो हे दाखवणारे मोजमाप) फिल्टर चौकटीत घट्ट बसवणे आणि तो वेळेवर बदलणे पुरते, असे नंतर आलेल्या मेकॅनिकने समजावले. जुन्या फिल्टरच्या कडेने हवा निसटत होती, हा खरा दोष आधीच्या माणसाने पाहिलाही नव्हता. उलट, जाता जाता ओझोन सोडणारे उपकरण घेण्याचा आग्रह त्याने धरला; ओझोन फुप्फुसांना त्रासदायक असतो, हे ठाऊक असल्याने निदान ते तरी आम्ही नाकारले.

असे काम देण्यापूर्वी द्रावणाचे नाव, फिल्टरची श्रेणी आणि डक्टची जागेवर घेतलेली छायाचित्रे बिलासोबत लेखी मागून घ्यावीत. आमच्या बिलावर केवळ ‘ॲलर्जी पॅकेज’ लिहिलेले आहे आणि त्यात नेमके काय मोडते हे सांगायला ती कंपनी तयार नाही.