बेळगावात मूतखड्याची ट्रीटमेंट, दाजींना नेलं त्या युरॉलॉजी हॉस्पिटलचा अनुभव

हॉस्पिटल चांगलं आहे, बिनधास्त जावा, फक्त डीजे स्टेंटबद्दल (लघवीला वाट राहावी म्हणून किडनीपासून मूत्राशयापर्यंत तात्पुरती घालतात ती बारीक नळी) ऑपरेशनच्या आधीच सगळं विचारून घ्या. नाव घालत नाही, कारण जाहिरात वाटायला नको आणि खाली तक्रारी पण लिहिल्यात. बेळगावातलंच छोटं युरॉलॉजी हॉस्पिटल, पेशंट आमचे दाजी, खानापूर साईडचे, भातशेती, दिवसभर उन्हात काम आणि पाणी पिणं कमी.

पाठीमागून कुशीत सुरू होऊन जांघेपर्यंत कळ, उलट्या, माणसाला बसवत नाही झोपवत नाही, ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. गावात आधी पानफुटीची पानं झाली, कुळथाचं कढण झालं, बीअर प्या म्हणून सांगणारे पण भेटले. एका ठिकाणी सोनोग्राफी केली त्यात किडनीला सूज आहे एवढंच आलं, खडा काय दिसला नाही आणि तोपर्यंत कळ पण थांबली म्हणून घरच्यांना वाटलं पडून गेला असेल.

ह्या डॉक्टरांचं मला इथंच पटलं. रिपोर्ट बघून म्हणाले, सूज आहे म्हणजे खाली काहीतरी अडकलंय, कळ थांबली म्हणून खडा गेला असं धरायचं नाही. मूत्रनलिकेच्या, म्हणजे किडनीतून मूत्राशयाकडं लघवी नेणाऱ्या नळीच्या, मधल्या भागातला खडा आतड्यातल्या गॅसमुळे सोनोग्राफीत बऱ्याचदा सापडत नाही आणि साध्या एक्सरेत युरिक ॲसिडचा खडा दिसतच नाही, म्हणून सीटी केयूबी, म्हणजे किडनीपासून मूत्राशयापर्यंतचा सीटी स्कॅन, करायला लावला, तो पण कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन न देता, टेबलावर झोपलं की थोड्या वेळात काम झालं. त्यात दिसला, ९ मिमी, नलिकेच्या मधोमध. सोबत क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ताची तपासणी) आणि लघवीचं कल्चर. कल्चर कशाला म्हणून मी विचारलं तर सांगितलं की लघवीत इन्फेक्शन असताना दुर्बीण घातली तर ते रक्तात पसरू शकतं, म्हणून आधी ते बघायचं मग ऑपरेशन.

डॉक्टरांनी स्क्रीनवर सीटी फिरवून दाजींना स्वतः खडा दाखवला आणि हे मला सगळ्यात जास्त आवडलं, शेतकरी माणूस आहे म्हणून त्याला काय कळणार असं वागले नाहीत. ५ मिमीच्या आतले खडे बहुतेक आपोआप पडतात, त्याला कळीचं औषध आणि वाट बघणं पुरतं. खडा नलिकेच्या खालच्या टोकाला असेल तर नलिका सैल करणाऱ्या टॅमसुलोसिनच्या गोळीचा थोडा उपयोग होतो. पण वाट बघायची ती पण साधारण ४ ते ६ आठवडेच, त्याच्यापुढं अडकून राहिला तर किडनी आतल्या आत खराब होत जाते आणि दुखत नाही म्हणून कळत पण नाही. ह्यांचा ९ मिमी, सूज आधीपासून, सीटीत खडा कडक, १००० एचयूच्या वर (सीटीत खडा किती घट्ट ते मोजायचं एकक), त्यामुळं बाहेरून शॉक देऊन फोडायला गेलं तर फुटेल याची खात्री कमी. म्हणून यूआरएस, म्हणजे लघवीच्या वाटेनंच दुर्बीण घालून लेसरनं फोडायचं, पोटावर कट नाही. किडनीतच २ सेंमीपेक्षा मोठा असता तर पाठीतून छोटं भोक पाडून पीसीएनएल सांगितली असती म्हणाले.

बाजूच्या खोलीत हुक्केरीकडच्या एक काकू होत्या, खडा अडकलेला आणि वरून थंडी वाजून ताप. त्यांचा खडा काढलाच नाही लगेच, नुसता स्टेंट घालून लघवीला वाट करून दिली, अँटिबायोटिक चालू केलं, लेसर नंतर करू म्हणून सांगितलं. त्यांचे नातेवाईक चिडलेले, पैसे दोनदा जाणार म्हणून. पण बरोबर तेच आहे. कळ आणि सोबत ताप असला की सकाळची वाट बघत बसू नका, त्याच रात्री गाडी काढा, जीवावर बेततं.

आता तक्रार. ऑपरेशन व्यवस्थित झालं, पण आत स्टेंट आहे म्हणजे काय होणार हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. घरी आल्यावर दाजींना सारखी लघवीला लागायची, करताना कुशीत कळ जायची, रंग लालसर, माणूस एवढा घाबरला की परत खडा झाला म्हणून बसला. फोन केल्यावर सिस्टरनं शांतपणे समजावलं, स्टेंट आहे तोपर्यंत असं होतं, पाणी प्या, ताप आला किंवा गुठळ्या पडल्या तर या. हेच दोन वाक्यं डिस्चार्जला सांगायला काय हरकत होती? स्टेंट काढायचे पैसे पण पॅकेजच्या बाहेर निघाले. काढणं मात्र सोपं, जेली लावून दुर्बिणीनं पटकन झालं. आणि तारीख जवळ आल्यावर हॉस्पिटलमधूनच फोन आला ह्याचं मला कौतुक वाटलं, कारण सुगीत माणूस विसरतो आणि स्टेंट आत राहिला की त्याच्यावरच खडा धरायला लागतो.

भाषेचं म्हणाल तर काउंटरवर कन्नड, डॉक्टर आणि सिस्टर मराठीत बोलतात, सहीचा कागद सिस्टरनं ओळीनं मराठीत वाचून दाखवला. पण खाण्याचा कागद फक्त कन्नडमध्ये! दाजी वाचतात, आमच्या आक्काला येत नाही, आणि स्वयंपाक आक्काच करते की. निपाणी खानापूरकडचे एवढे पेशंट येतात तिथं, मराठीत एक कागद छापाच.

त्यात होतं काय ते मीच आक्काला लिहून दिलं. खडा लॅबला पाठवलेला, कॅल्शियम ऑक्झलेट निघाला, सगळ्यात जास्त लोकांना हाच होतो. पाणी एवढं प्यायचं की दिवसाला २ ते अडीच लिटर लघवी झाली पाहिजे, शेतात असला तर त्याहून जास्त प्यायला लागतं. मीठ कमी, म्हणजे लोणचं पापड खर्डा हात आखडून. पालक कमी. टोमॅटो बंद करायची गरज नाही, आणि दूध तर अजिबात बंद करायचं नाही, जेवणासोबतचं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं, दूध तोडलं तर उलट वाढतं. लिंबू चालतं, चांगलंच आहे.

जाताना जुने सगळे रिपोर्ट न्या, आणि सरकारी कार्ड चालतं का, लेसर आणि स्टेंट काढणं पॅकेजमध्ये धरलंय का, हे ॲडमिट व्हायच्या आधी काउंटरवर लिहून घ्या. सीटीची सीडी पण मागून घ्या, ती आपलीच असते.