पेन वर्ल्ड टेबल: फुकट आणि दणकट, पण विदर्भासाठी अर्धंच काम

देशोदेशींची उत्पादकता, रोजगार आणि राहणीमान ताडून बघायचं तर नेदरलँड्सच्या ग्रोनिंगन विद्यापीठाचा 'पेन वर्ल्ड टेबल' हा तक्ता पहिल्या पसंतीचा. नोंदणी नाही, पैसे नाहीत, एक एक्सेल फाइल उतरवून घ्यायची. 10.01 या आवृत्तीत 183 देश आणि 1950 ते 2019 ही वर्षं आहेत. कोरोनाचा काळ त्यात नाही.

घोळ होतो तो रकाना निवडताना. जीडीपीचेच पाच रकाने आहेत आणि घाईत पहिला दिसतो तोच उचलला जातो. तो, म्हणजे 'आरजीडीपीई', राहणीमानासाठी आहे. एकाच वर्षात कोणता देश किती उत्पादन करू शकतो हे 'सीजीडीपीओ' सांगतो. एका देशाची वर्षागणिक वाढ मोजायला 'आरजीडीपीएनए'.

तासामागची उत्पादकता काढायला सीजीडीपीओला कामगारसंख्या आणि वार्षिक तास यांच्या गुणाकाराने भागा. दोन्हीकडे एकक दशलक्ष असल्याने उत्तर थेट डॉलरमध्ये येतं, शून्यं मोजत बसावं लागत नाही. बऱ्याच देशांचा तासांचा रकाना कोरा आहे. तिथे शेजारच्या देशाचा आकडा चिकटवू नका, कामगारामागच्या उत्पादनावर थांबा. फ्रान्स आणि अमेरिका हा हिशेब करून बघाच. तासामागे फरक थोडा, दरडोई मात्र मोठा, कारण फ्रेंच माणूस वर्षाला तासच कमी भरतो आणि लोकसंख्येत काम करणारेही कमी.

आयर्लंडपासून सावध. 2015 मध्ये तिथला जीडीपी एका वर्षात पाव पटीने फुगला, तो बहुराष्ट्रीय कंपन्यांनी बौद्धिक संपदा तिकडे हलवल्यामुळे. लोकांच्या ताटात काही पाव पट जास्त पडलं नाही.

विदर्भात हीच गंमत चंद्रपूरची. पेनच्या तक्त्यात राज्यंच नाहीत, त्यामुळे अर्थ व सांख्यिकी संचालनालयाच्या आर्थिक पाहणीतलं जिल्हानिहाय दरडोई उत्पन्न घ्यावं लागतं. पण ते मोजतात उत्पादन जिथे झालं तिथे. औष्णिक वीज आणि कोळसा चंद्रपूरच्या खात्यात, नफा भलतीकडे. त्या आकड्यावरून जिल्ह्यातल्या मूल किंवा बल्लारपूर या गावांमधल्या घरातली मिळकत ठरवणं चूक. शिवाय क्रयशक्तीचा दर, म्हणजे देशोदेशींच्या किमतींतला फरक काढून टाकणारा विनिमय दर, अख्ख्या देशाला एकच असतो. नागपूरच्या धरमपेठ आणि मुंबईच्या दादरच्या घरभाड्यातला फरक त्याला कळत नाही.

कामगारांचा आकडा पीएलएफएसमधून, म्हणजे केंद्र सरकारच्या रोजगार पाहणीतून, घेताना व्याख्या तपासा. 'नेहमीच्या स्थिती'त वर्षात 30 दिवस कापूस वेचणारी बाईसुद्धा रोजगारात मोजली जाते. 15 वर्षांवरील महिलांचा श्रमशक्तीतला सहभाग 2017-18 मधल्या 23.3 टक्क्यांवरून 2023-24 मध्ये 41.7 वर गेला. भाजक, म्हणजे कामगारसंख्या, असा वाढला की कामगारामागची उत्पादकता खाली दिसते, तासामागची तशीच असली तरी.

फाइलच्या नावात आवृत्ती लिहून ठेवा. देशोदेशींच्या किमतींची नवी पाहणी आली की जुन्या वर्षांचे आकडेही बदलतात, म्हणून 9 आणि 10 आवृत्त्यांचे तुकडे एका आलेखात जोडू नका.