म्युनिक करारावरची पायी फेरी : जागांची निवड उत्तम, पार्श्वभूमी अपुरी

चेकोस्लोव्हाकियाचा सीमाप्रदेश जर्मनीला देणाऱ्या सप्टेंबर १९३८ मधील म्युनिक कराराच्या जागा दाखवणारी ही मार्गदर्शित फेरी, स्वाक्षऱ्या झालेल्या इमारतीपासून सुरू न होता मॅक्सिमिलियन्सप्लाट्झ या चौकात सुरू होते, आणि ही निवड मला सर्वाधिक आवडली. येथील रेगिना पॅलास्ट हॉटेलात ब्रिटिश पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन उतरले होते आणि चेकोस्लोव्हाकियाच्या प्रतिनिधींना, मास्तनी व मासारझिक यांना, तेथेच थांबवून ठेवले होते. ज्या देशाचा प्रदेश तोडून दिला जात होता त्याला बैठकीत जागाच नव्हती. हिटलर, इटलीचे मुसोलिनी, चेंबरलेन आणि फ्रान्सचे पंतप्रधान दलादिए यांनी घेतलेला निर्णय मध्यरात्रीनंतर या प्रतिनिधींच्या हाती ठेवण्यात आला. अनुनयाच्या, म्हणजे युद्ध टाळण्यासाठी हिटलरच्या मागण्या मान्य करण्याच्या, धोरणाची किंमत कोणी मोजली, हे येथे पहिल्याच थांब्यावर कळते.

पुढे अर्किसस्ट्रासेवरील तत्कालीन ‘फ्यूररबाऊ’, म्हणजे करारावर स्वाक्षऱ्या झालेली इमारत, येते. तेथे आज संगीत व नाट्य महाविद्यालय असल्याने फेरीत इमारत बाहेरूनच पाहावी लागते, परंतु मार्गदर्शक बाईंचे विवेचन इतके नेमके होते की त्याची उणीव भासली नाही. सुदेतेनलँड हा जर्मनीला द्यायचा सीमाप्रदेश १ ते १० ऑक्टोबरदरम्यान रिकामा करायचा होता, आणि त्या पट्ट्याबरोबर चेकोस्लोव्हाकियाची सीमेवरील तटबंदीही जर्मनीकडे गेली, हे त्यांनी नकाशा उलगडून दाखवले. १५ मार्च १९३९ रोजी जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरले तेव्हा प्रतिकार का झाला नाही, याचे बरेचसे उत्तर त्या नकाशातच आहे.

प्रिन्झरेगेंटेनप्लाट्झवरील हिटलरचे निवासस्थान हा शेवटचा थांबा. ३० सप्टेंबरच्या सकाळी चेंबरलेन यांनी येथेच, दोन्ही देश पुन्हा एकमेकांशी युद्ध करू इच्छित नाहीत असे सांगणाऱ्या त्या संयुक्त निवेदनावर हिटलरची स्वाक्षरी घेतली, जे त्यांनी लंडनला परतल्यावर विमानतळावर उंचावून दाखवले.

माझी तक्रार पार्श्वभूमीविषयी आहे. जर्मन नौदलाला ब्रिटिश नौदलाच्या ३५ टक्क्यांपर्यंत वाढण्याची मुभा देणारा १९३५ चा करार किंवा मार्च १९३६ मध्ये ऱ्हाइनलँड या सैन्यबंदी असलेल्या जर्मन प्रदेशात घुसलेले जर्मन सैन्य यांचा उल्लेखही झाला नाही, त्यामुळे हे धोरण एका वृद्ध पंतप्रधानाच्या भाबडेपणातून एकाएकी जन्मले असे श्रोत्याला वाटू शकते. ब्रिटनच्या सेनाप्रमुखांनी मार्च १९३८ मध्येच कळवले होते की चेकोस्लोव्हाकियाला जर्मन आक्रमणापासून वाचवणे शक्य नाही. पहिल्या महायुद्धाच्या आठवणीने जनमतही युद्धाला राजी नव्हते. मला स्वतःला म्युनिकचा निर्णय अक्षम्यच वाटतो, तरीही ही कारणे सांगितल्याशिवाय त्याचा न्यायनिवाडा करणे योग्य नाही.

हा कालखंड थोडाफार वाचून आलेल्यांनी ही फेरी अवश्य करावी. इतरांनी आधी फ्यूररबाऊजवळच्या नाझी काळाविषयीच्या दस्तऐवज केंद्रात वेळ द्यावा आणि मगच या फेरीला यावे.