गाईडच्या पायातले कोरे बूट

ऑस्ट्रेलियाच्या मधोमध असलेल्या ॲलिस स्प्रिंग्जला हॉटेलसमोर पहाटे साडेसहाला आम्ही सॅका गाडीत चढवत होतो. दात वाजत होते. मामा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "अरे, त्या गाईडच्या बुटांना अजून एक सुरकुती नाही पडलेली."

"नवीन घेतले असतील, मामा."

"नवीनच आहेत. पण नवे बूट घालून सहा दिवसांच्या ट्रेकला निघतं कोण?"

मी हसून विषय सोडून दिला. तोवर 5,431 डॉलर 50 सेंट भरून झाले होते, आणि एवढे पैसे भरल्यावर माणसाला दुसऱ्याच्या पायाकडे बघायचं नसतं.

मामा मिरजेला चित्रकलेचे शिक्षक होते. वय 66. शाळेच्या पोरांना घेऊन भर पावसात पन्हाळा ते पावनखिंड त्यांनी किती वेळा केलं असेल, त्यांनाही आठवत नाही. ते मेलबर्नला आमच्याकडे येणार ठरल्यावर त्यांनी एकच मागणी केली होती: माउंट सोंडर बघायचा. अल्बर्ट नमाटजिरा या अरेर्न्टे आदिवासी चित्रकाराने हा डोंगर जलरंगात पुन्हा पुन्हा रंगवला आहे. मामा वर्गात त्याची चित्रं दाखवायचे. जांभळा डोंगर, समोर पांढऱ्या खोडाचं झाड. डोंगराचं मूळ नाव रुचिप्मा, उंची 1,380 मीटर. "म्हणजे कळसूबाईपेक्षा बुटका," मामा म्हणाले, "मग जमेल मला."

सोंडरपर्यंत जाते ती लारापिंटा ट्रेल. ॲलिस स्प्रिंग्जच्या जुन्या तार कचेरीपासून पश्चिमेला सव्वादोनशे किलोमीटरच्या घरातली वाट, 12 टप्प्यांची. आम्हाला शेवटचे टप्पेच करायचे होते, तेही गाईड घेऊन. सह्याद्रीत वाट चुकली तरी दोन-तीन तासांत एखादा धनगरवाडा लागतो, कुत्रं भुंकतं, कुणीतरी ताक देतं. तिथे तसलं काही नाही. मोबाईलला रेंज नाही, पाणी म्हणजे मुक्कामाच्या जागी ठेवलेल्या टाक्या. म्हणूनच गाईडचे पैसे मोजायचे.

जाहिरात इन्स्टाग्रामवर दिसली. माणशी 1,890 डॉलर, सहा दिवस, जास्तीत जास्त आठ जण, अनुभवी गाईड, प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र, आणीबाणीचा बीकन (संकटात मदतीचा संदेश पाठवणारं यंत्र), सॅटेलाईट फोन, राष्ट्रीय उद्यानाचे म्हणजे पार्कचे सगळे शुल्क आणि शाकाहारी जेवण धरून. नावाजलेल्या कंपन्यांचे दर याच्या बरेच वर होते. मला वाटलं, छोटी कंपनी आहे, खर्च कमी असेल. व्हॉट्सॲपवर प्रश्न विचारला की पाच मिनिटांत उत्तर, तेही गोड. बायकोने विचारलं, "जेवणात अंडंसुद्धा नको, चालेल ना?" लगेच हिरव्या पानाचं चित्र आलं.

माणशी 300 प्रमाणे 900 डॉलर आगाऊ, ते मी क्रेडिट कार्डाने भरले. उरले 4,770. ते थेट बँकेत भरले तर त्यावर 5 टक्के सूट. माझ्यातला कोकणस्थ जागा झाला. 238 डॉलर 50 सेंट वाचवले म्हणून मी दोन दिवस खूश होतो.

आठ जण म्हणाले होते, गाडीत निघाले चौदा. गाईड तेवीस वर्षांचा, युरोपातून वर्किंग हॉलिडे व्हिसावर आलेला पोरगा. स्वभावाने चांगला होता, हे आधीच सांगतो. सर्पेंटाईन गॉर्जपर्यंत शंभर किलोमीटर गाडीने गेलो आणि चालायला लागलो. पहिल्याच फाट्यावर त्याने खिशातून फोन काढून नकाशा बघितला. पुढच्या फाट्यावरही तेच. तरी मी गप्प.

रात्री जेवणाच्या पिशव्या उघडल्या. आमच्या तिघांच्या वाट्याला दोन मिनिटांच्या नूडल्स आणि त्यावर चिकनचं चित्र. "मसाल्याची पुडी टाकू नका, मग शाकाहारीच आहे," असं त्या पोराने अगदी प्रामाणिकपणे सांगितलं. मामांनी पाठपिशवीतून मेतकूट काढलं. बायको हसत होती, पण तिचा आवाज मला ओळखता येतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सर्पेंटाईन शॅले डॅमच्या मुक्कामावर आमच्यातल्या एका बाईने, त्या ॲडलेडच्या नर्स होत्या, सहज म्हणून गाईडला बीकन दाखवायला सांगितला. त्याने सॅकच्या तळातून काढला. पिवळा, तळहाताएवढा. त्यांनी तो उलटा केला, डोक्यावरचा दिवा लावला आणि लेबल वाचलं. मग काही न बोलता माझ्या हातात दिला. बॅटरीची मुदत मार्च 2019. आम्ही उभे होतो जुलै 2024 मध्ये.

"कुणाच्या नावावर नोंदलाय?" त्यांनी विचारलं.

पोराला माहीत नव्हतं. हा प्रश्न का महत्त्वाचा, ते मला त्यांनी समजावलं. बटण दाबलं की 406 मेगाहर्ट्झचा संदेश उपग्रहामार्फत कॅनबेराच्या बचाव केंद्राला जातो, आणि बीकन कुणाचा, फोन कुणाला करायचा, माणसं किती, हे ते नोंदणीवरून शोधतात. नोंदणी फुकट असते. इथे जुन्या मालकाचं नाव असलं तर ते कुणाला तरी त्याच्या घरी फोन करून विचारत बसणार. बॅटरी चालली तर. सॅटेलाईट फोनबद्दल विचारलं तेव्हा पोरगा म्हणाला, तो ड्रायव्हरकडे आहे. ड्रायव्हर ॲलिस स्प्रिंग्जला.

परत फिरावं का, यावर त्या रात्री बरीच चर्चा झाली. गाडी परत गेलेली. पुढे ऑर्मिस्टन गॉर्ज, तिथे रेंजर असतात. पण तो आमच्या टप्प्यांतला सर्वांत लांब, सुमारे 29 किलोमीटर, दोन दिवसांत तोडायचा, आणि मध्ये टाकी नाही. गाईड म्हणाला, माणशी तीन लिटर पाणी पुरे. मामांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. आम्हा तिघांच्या सगळ्या बाटल्या, शेवटी दुधाच्या पावडरीचा रिकामा डबासुद्धा, टाकीवर भरून घेतला. माणशी सात लिटर, म्हणजे पाठीवर सात किलो जास्त. नर्सबाईंनी इतरांनाही तेच करायला लावलं. गाईडने तीनच घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो मामांच्या बाटलीतून पाणी पीत होता, आणि मामा त्याला "हळू, हळू घोट घे" असं मराठीत सांगत होते.

इनारलांगा पासमधून जाताना दोन्ही बाजूंना लाल खडक आणि मध्ये सायकॅडची झाडी. फार सुंदर जागा आहे, आणि मला तिथलं जवळजवळ काहीच आठवत नाही. मी सगळा वेळ मामांचे पाय बघत चाललो होतो. गाईडने मात्र तिथे सगळ्यांचे फोटो काढले.

त्या रात्री पोरगा स्वतःच बोलता झाला. त्याला चार दिवसांपूर्वी कामावर घेतलं होतं. ही वाट त्याने कधी केलीच नव्हती. त्याच्या देशात तो कॅफेत काम करायचा. पगार अजून एक डॉलरही मिळालेला नव्हता. बूट त्याने स्वतःच्या पैशांनी घेतले होते.

ऑर्मिस्टनला पोचलो तेव्हा आमचा पुढचा शिधा घेऊन गाडी यायची होती. ती आली नाही. आल्या त्या रेंजरबाई, आणि त्यांनी गाईडला बुकिंग विचारलं. या वाटेवर मुक्काम करायचा तर आधी ऑनलाईन बुकिंग आणि शुल्क लागतं. हा भाग ज्यात येतो त्या नॉर्दर्न टेरिटरी प्रांताच्या बाहेरून आलेल्याला 2023 पासून पार्क पासही लागतो. आमचं कुणाचंच काही नव्हतं. मग त्यांनी कंपनीचा परवाना विचारला, कारण पार्कमध्ये पैसे घेऊन सहली न्यायच्या तर परवाना घ्यावा लागतो. त्या नावाने परवानाही नव्हता. बाई आमच्यावर चिडल्या नाहीत. उलट त्यांनी आपल्या फोनवरून तीन-चार ठिकाणी संपर्क साधला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी भाड्याची गाडी येऊन 135 किलोमीटरवरच्या ॲलिस स्प्रिंग्जला आम्हाला घेऊन गेली. भाडं आम्ही चौदा जणांनी भरलं. गाईडचा वाटाही आम्हीच.

सोंडरवर पहाट बघायची राहिली. ड्रायव्हर भला माणूस, त्याने डोंगर दिसतो तिथे गाडी उभी केली. मामांनी रंगपेटी काढली, पण दहा मिनिटांत मिटवून ठेवली. "आत्ता नको," एवढंच म्हणाले.

घरी आल्यावर जे केलं ते जाण्याआधी करायचं होतं. बिलावर 11 आकडी एबीएन, म्हणजे व्यवसायाचा सरकारी नोंदणी क्रमांक, होता. सरकारच्या एबीएन लुकअपवर तो फुकट तपासता येतो. टाकला, तर तो क्वीन्सलंडमधल्या कुणा एका व्यक्तीच्या नावावर निघाला, आणि दोन वर्षांपूर्वीच रद्द झालेला. जीएसटीची नोंदणीही नव्हती, पण बिलात जीएसटी मात्र लावलेला! पार्कच्या कार्यालयाला फोन करून "या कंपनीला परवाना आहे का?" एवढं विचारायला मला चार मिनिटं लागली असती. कंपनीच्या पानावरची पंचतारांकित कौतुकं नीट बघितली, तर सगळी एकाच पंधरवड्यातली.

मी पैसे मागितले तेव्हा उत्तर आलं की "परिस्थितीनुसार कार्यक्रमात बदल होऊ शकतो" हे अटींमध्ये लिहिलेलं आहे. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक कायद्यात असल्या बारीक अक्षरांनी ग्राहकाचे हक्क पुसता येत नाहीत, हे मी त्यांना कळवलं. त्यानंतर नंबर बंद. कार्डाने भरलेले 900 डॉलर बँकेला सगळे फोटो, मेसेज आणि रेंजरबाईंनी दिलेली लेखी टीप पाठवल्यावर सात आठवड्यांनी परत आले. थेट खात्यात भरलेले 4,531 डॉलर 50 सेंट गेले ते गेले. बँकेतली मुलगी म्हणाली, "सर, ते तुम्ही स्वतःच पाठवलेत ना." ग्राहक संरक्षण खात्याकडे तक्रार केली आहे, स्कॅमवॉच या फसवणूक नोंदवायच्या सरकारी संकेतस्थळावरही नोंदवली आहे, नर्सबाईंनी आणि आणखी पाच जणांनीही. मला सर्वांत जास्त राग येतो तो पैसे घेऊन कुणी पळालं याचा नाही. पळाला असता तर आम्ही हॉटेलातून घरी गेलो असतो. याने आम्हाला अर्धी सहल खरोखर दिली, आणि त्यात पाण्याच्या टाकीपासून पंधरा किलोमीटरवर आम्हाला नशिबावर सोडलं.

गेल्या महिन्यात बायकोला नवी जाहिरात दिसली. नाव वेगळं, रंग वेगळे, दर 1,990. पहिलाच फोटो इनारलांगा पासचा, आणि त्यात पांढरी टोपी घातलेले, हसरे मामा. मी तो मिरजेला पाठवला. रात्री उशिरा उत्तर आलं:

"टोपी बरी दिसते. ही जाहिरात तुझ्या त्या तक्रारीला जोड. आणि आता हे जे कुणी पैसे भरत असतील त्यांना सांग, गाईडचे बूट बघा म्हणावं."